आउटडोअरवरचं नाव

वर्ध्यात प्रभाकररावांच्या दुकानात एक रीत होती, आणि रीत पाळण्यात प्रभाकरराव महाहट्टी माणूस. एसी बसला, गिऱ्हाइकानं रिमोट हातात घेतला, गार हवा सुरू झाली, की काम झालं असं बाकीची दुनिया समजते. प्रभाकरराव तसं समजत नसत. पंधरा दिवस जाऊ द्यायचे. पंधरा दिवसांत एकही तक्रार आली नाही, तर सोळाव्या दिवशी ते स्वतः काळा मार्कर खिशात घालून त्या घरी जायचे आणि ज्यानं मशीन बसवली त्याला बाहेरच्या पेटीवर, म्हणजे आउटडोअरवर, त्याचं नाव लिहायला लावायचे. नाव लिहिलं की तो मेकॅनिक. तोवर तो शिडी धरणारा, मग त्याच्याकडे आयटीआयचं प्रमाणपत्र असो की आणखी काही.

जागृती थूल दोन उन्हाळे शिडीच धरत होती. आयटीआयला फ्रीज-एसीच्या ट्रेडमध्ये बावीस पोरं आणि ही एकटी पोरगी. परीक्षेत पहिली आली. पण दुकानात आल्यावर तिच्या हातात आधी शिडी आली, मग फिल्टर धुवायचा ब्रश आला, आणि दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी कुठं गॅसचा दाब मोजायचा गेज आला. भाऊ, दुकानात प्रभाकररावांना सगळे भाऊच म्हणत, तोंडानं फाटके होते. पण शिकवताना हातचं काही राखत नसत, आणि पोरगी म्हणून तिला कधी सोपं कामही देत नसत. तिला दोन्ही गोष्टी आवडायच्या.

यंदाच्या मे महिन्यात तिला पहिलं स्वतःचं काम मिळालं. तेही तिच्याच गावात, आंजी मोठीला.

"पाह्य पोरी," भाऊ म्हणाले. "जूनमध्ये सीझन संपते. पावसाळ्यात मी दोनच मेकॅनिक ठेवतो. तुह्यं नाव लागलं तं त्याच्यात एक तू. नाई लागलं तं पुढच्या मार्चमध्ये भेटू, अन् शिडी तुह्यीच."

"हाव भाऊ," ती म्हणाली.

काम होतं लक्ष्मणरावांकडचं. त्यांच्या बायकोचं, रुख्माबाईंचं, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले होते. सावंगीच्या डॉक्टरांनी सांगितलं, खोली थंड ठेवा आणि कोरडी ठेवा. आता आमच्याकडे मे महिन्यात थंड म्हणजे कूलर, आणि कूलर म्हणजे ओल. त्या ओल्या हवेनं म्हातारीचे गुडघे ठणकायचे आणि पट्टीखाली खाज सुटायची. शेवटी लक्ष्मणरावांनी एसी घ्यायचं ठरवलं आणि भाऊंना फोनवर स्वच्छ सांगितलं, "आमच्या धुरपताबाईची पोरगी तुमच्याकडं हाय म्हणे. तिलेच पाठवा. दुसरं कोनी नको."

या धुरपताबाईंबद्दल सांगितल्याशिवाय गोष्ट पुढं जायची नाही. जागृतीची आई. मार्च लागला की आंजीतल्या घरोघरी जाऊन कूलर भरायचे, वाळ्याच्या ताट्या बांधायच्या, हे त्यांचं पंचवीस वर्षांचं काम. बांबूच्या कामट्यांच्या चौकटीत वाळ्याची मुळं दाबून बसवायची, सुतळीनं आवळायची, दारा-खिडकीला टांगायची आणि वर पाणी मारायचं. धुरपताबाईंनी बांधलेली ताटी चार उन्हाळे हलत नसे. नवरा, प्रेमदास, पोरगी चौथीत असताना गेला. त्यानंतर जागृतीची शाळा, गणवेश, बसचा पास, आयटीआय, सगळं या ताट्यांवर झालं. आईच्या बोटांवर कामटीचे इतके बारीक वण होते की जागृतीला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्या आयांची बोटं अशीच असतात.

गेल्या वर्षी उन्हात पाणी मारता मारता धुरपताबाई बसस्टँडपाशी चक्कर येऊन पडल्या. तेव्हा जागृतीनं फर्मान काढलं, "माय, आता ताट्या बंद. दुपारी घराबाहेर पाय टाकायचा नाई."

"बरं बाई," धुरपताबाई म्हणाल्या होत्या. धुरपताबाईंच्या 'बरं बाई'चा अर्थ, ऐकून घेतलं पण करीन माझंच, हा अख्ख्या आंजीला ठाऊक होता. फक्त लेकीला नव्हता.

तर मशीन बसली. जागृतीनं भिंतीला लेव्हल लावून तीनदा पाहिलं, पाइपाला बाक कुठं येऊ दिला नाही, पाइपातली हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप भाऊ लावायचे त्याहून दहा मिनिटं जास्त चालवला. आउटडोअर घराच्या मागं, न्हाणीजवळच्या भिंतीवर, छातीइतक्या उंचीवर बसवला. मग खोलीत येऊन तिनं रुख्माबाईंना रिमोट समजावला, लक्ष्मणरावांना फिल्टर कसा काढायचा ते दाखवलं. म्हातारीच्या गालावर पहिली गार झुळूक लागली तशी तिनं डोळेच मिटले आणि म्हणाली, "सुखी राह्य वं माय."

इतक्यात मागच्या दारानं धुरपताबाई आल्या. लेकीचं काम पाहायला आल्या होत्या, पण आल्या मागच्याच दारानं. ताटीवालीची वाट पंचवीस वर्षं तीच. आउटडोअरच्या पंख्यासमोर त्यांनी हात धरला आणि झटकन मागं घेतला.

"अवं, हे तं भट्टी हाय! हे इतकं काऊन तापते?"

जागृती हत्यारं आवरत होती. वर्ध्याची बस गाठायची होती, पंप दुकानात पोचवायचा होता. "उन्हात राहते ना माय ते दिवसभर," ती बॅगेची चेन ओढत म्हणाली. "त्याच्यावर लय लोड येते. ऊन जितकं कमी तितकं त्याले बरं."

"असं व्हय," धुरपताबाई म्हणाल्या आणि पेटीकडे बघत राहिल्या.

चौथ्या दिवशी लक्ष्मणरावांचा फोन आला. दुपारी बाराला मशीन बंद पडते, चारनंतर आपोआप सुरू होते. दुकानातलं काम आटपून ती संध्याकाळी सहाला आंजीत पोचली, तर मशीन मस्त सुरू. गॅस बरोबर. व्होल्टेज बरोबर. कुठं गळती नाही, वायर सैल नाही. ती कानकोंडी होऊन उभी राहिली.

"रुसते ते दुपारी," रुख्माबाई पलंगावरून म्हणाल्या. "तुह्या पायगुणानं सुरू होते वाटते."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. दुपारी बंद, आणि ती संध्याकाळी गेली की मशीन शहाण्यासारखी सुरू. शेजारी सकाळी ओट्यावर बसून बोलायला लागले होते, पोरीच्या हातचं काम, दुसरं काय होणार. लक्ष्मणराव एकदाही वाकडं बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "बाई, काकूले दुपारचं सोसत नाई वं. पट्टी घामानं भिजते." हे ऐकून तिला शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं झालं असतं असं वाटलं.

घरी ती यातलं अक्षर बोलली नाही. धुरपताबाई रोज भाकरी वाढताना विचारत, "कशी हाय तुह्यी मशीन?" आणि ती म्हणायची, "एकदम बेस." आई गावभर लेकीचं कौतुक सांगत फिरते हे तिला माहीत होतं. तो घास तिच्या तोंडातून कोण काढणार? ती मान खाली घालून जेवायची आणि आईच्या डोळ्याला डोळा देत नसे. आता गंमत अशी की आईही त्या दिवसांत तिच्या डोळ्याला डोळा देत नव्हती. पण हे तिच्या लक्षात यायला ती जाग्यावर कुठं होती?

सातव्या दिवशी भाऊंनी तिला दुकानात समोर उभं केलं.

"तीन तक्रारी झाल्या. उद्या दुपारी मी येतो आंजीले. काय हाय ते माह्या डोळ्यानं पाहीन."

एवढंच बोलले. पण भाऊ ज्याच्या कामावर स्वतः जाऊन हात घालतात त्याचं नाव त्या मशीनवर कधी लागत नाही, हे दुकानात झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक होतं. म्हणजे जूनमध्ये घरी. म्हणजे मार्चपर्यंत पुन्हा आईच्या जिवावर खायचं, आणि आई पुन्हा उन्हात ताट्या घेऊन फिरणार. रात्रभर तिला तेच दिसत राहिलं.

सकाळी ती दुकानात गेलीच नाही. घरून डबा घेऊन नेहमीसारखी बाहेर पडली आणि विहाराच्या ओट्यावर सावलीला बसून राहिली. बारा वाजले. शेहेचाळीस डिग्री ऊन. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. ती उठली, लक्ष्मणरावांच्या घराला वळसा घातला आणि मागच्या अंगणात शिरली.

आधी तिला वास आला. ओल्या वाळ्याचा. या वासात ती लहानाची मोठी झाली होती, त्यामुळं क्षणभर तिला बरंच वाटलं. मग तिनं पाहिलं.

आउटडोअरला तिन्ही बाजूंनी आणि समोरून, थेट पंख्याच्या तोंडावर, वाळ्याच्या जाडजूड ताट्या आवळून बांधल्या होत्या. सुतळीच्या गाठी इतक्या सुबक की बांधणाऱ्याचं नाव विचारायची गरज नव्हती. आणि समोर डोक्यावर पदर घेऊन, घामानं निथळत, धुरपताबाई बादलीतून तांब्यानं त्या ताट्यांवर पाणी मारत होत्या. कोपऱ्याकोपऱ्यात, हळूहळू, तापलेल्या लेकराच्या कपाळावर पाण्याची पट्टी ठेवावी तसं.

लेकीला पाहून त्या दचकल्या, मग ओशाळून हसल्या. "आली का तू? रागावू नोको वं. तूच म्हनली ना, त्याले ऊन सोसत नाई. रोज येतो मी, रुख्माबाई जेवून झोपल्या की. चाराले सोडून नेतो, नाई तं वाळा कुजते." आणि अभिमानानं म्हणाल्या, "अन् पाह्य, पानी मारलं की धा मिनिटांत कसं शांत होते! आवाज ना काई. गप झोपते बिचारं."

शांत होते! अहो, ते शांत होत नव्हतं, ते गुदमरून बंद पडत होतं. खोलीतली उष्णता बाहेर टाकायची तोंडंच बांधलेली. कॉम्प्रेसर तापून तापून शेवटी स्वतःला वाचवायला बंद व्हायचा. संध्याकाळी ताट्या निघाल्या की पुन्हा सुरू. इतक्या दिवसांचं कोडं तिच्या डोळ्यांसमोर सुटलं, आणि सुटताच तिच्या तोंडून भलतं निघालं.

"माय! काय केलं तू हे? मारलं तू मले! माह्यी नोकरी घेतली!"

धुरपताबाईंच्या हातातला तांब्या खाली पडला. त्या ताट्यांकडे बघत राहिल्या, मग लेकीकडे, मग आपल्या हातांकडे. जागृतीला तेव्हाच जीभ चावावीशी वाटली. पण तेवढ्यात पुढच्या अंगणात मोटारसायकल थांबली आणि लक्ष्मणरावांच्या मागोमाग भाऊ मागं आले.

भाऊंनी पेटीकडे पाहिलं. बादलीकडे पाहिलं. कमरेवर हात ठेवले.

"हे कोनाचं काम हाय?"

"माह्यं, भाऊ," जागृती पटकन म्हणाली. "मी बांधल्या. मले वाटलं, थंड राहीन."

"खोटं बोलून राह्यली ते, साहेब," धुरपताबाई पुढं झाल्या. "मी बांधलं. तिले तं ठावकंबी नाई. मी अडानी बाई, मले काय कळते मशीनीतलं. मले काय बोलायचं ते बोला, पन पोरीले काढू नोका जी."

लक्ष्मणरावांनी डोक्याला हात लावला. "म्हंजे आमच्याच घरी, आमच्याच डोळ्यादेखत? अन् मी पुढं छपरीत घोरत होतो!"

भाऊंनी चाकू काढला आणि सुतळ्या कापायला लागले. पण पहिल्याच गाठीशी थांबले, चाकू मिटला, आणि गाठी बोटांनी सोडायला बसले. इतकं नेटकं काम कापवेना, असं त्यांनी नंतर दुकानात सांगितलं. ताट्या निघाल्या. पेटी थोडी निवली. मशीन सुरू केली. भाऊंनी वायरीला क्लॅम्प मीटर लावला, आकडा पाहिला आणि मीटर जागृतीच्या हातात दिला. करंट अगदी बरोबर होता.

"फिटिंगमध्ये खोट नाई," ते म्हणाले. "मग चूक कुठी झाली? सांग."

जागृतीला त्या दिवशीची बॅगेची चेन आठवली. "मायनं विचारलं होतं, हे काऊन तापते. मी म्हनलं, उन्हानं. बस गाठायची होती. बाकीचं सांगतलंच नाई."

"हां." भाऊंचा आवाज पहिल्यांदा चढला. "मशीन पुरी बसवली अन् सांगतलं अर्धं! काकूले रिमोट सांगतला, काकाजीले फिल्टर सांगतला. अन् जे बाई पंचवीस वर्षांपासून या गावाले थंड ठेवून राह्यली, तिले सांगाले तुले टाइम नाई? घरात जो जो त्या मशीनीजवळून जाते, त्याले सगळ्यायले सांगायचं. भांडेवालीलेबी. सांग आता. पुरं सांग. मी उभा हाय."

मग त्या भर उन्हात जागृतीनं आईचा हात धरून पंख्यासमोर नेला. हे खोलीतली गरमी ओढून घेते, माय, आणि इथून बाहेर फेकते. मागून हवा घेते, समोरून सोडते. कूलर पाण्यानं थंड होते, हे हवेनं. धुरपताबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. एकदा मागं जाऊन हात लावून आल्या, एकदा समोर.

"म्हंजे हे घरातली गरमी बाहेर आनून टाकते," त्या शेवटी म्हणाल्या, "अन् मी त्याच्या तोंडावर गोधडी बांधली."

"हाव माय."

"मग वरून सावली केली तं? तोंड मोकळं, पाठ मोकळी, नुसती डोक्यावर? कोरडी?"

जागृतीनं भाऊंकडे पाहिलं. भाऊ धुरपताबाईंकडे बघत होते. "चालन," ते म्हणाले. "दीड हात वर ठेवा. पानी नोको, पान्यानं जाळीवर क्षार बसते." मग डोक्याला रुमाल बांधत जागृतीला म्हणाले, "पंधरा दिवस आजपासून मोजतो. एक फोन जरी आला तं समजून घेजो."

ते गेल्यावर जागृती तिथंच न्हाणीच्या दगडावर बसली आणि रडली. आईच्या कमरेला मिठी मारून, लहान पोरीसारखी. "माफ कर माय. तुह्या जिवावर इथपर्यंत आली मी, अन् तुलेच बोलली." धुरपताबाई तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणत राहिल्या, "बरं बाई, बरं बाई." या वेळी त्याचा अर्थ वेगळा होता, आणि तो लेकीला कळला.

आतून रुख्माबाईंनी हाक मारली, "अवं, कोनी सांगा तं मले काय झालं ते!" आणि सांगितल्यावर म्हातारी इतकी हसली की लक्ष्मणराव गुडघ्यांच्या काळजीनं तिला गप बस म्हणायला लागले. हसून झाल्यावर मात्र ती लक्ष्मणरावांना म्हणाली, "मी म्हनत नव्हती, पोरगी बदलू नोका म्हनून?" म्हणजे मेकॅनिक बदला असं या घरात कुणीतरी येऊन सुचवलं होतं आणि या दोघांनी ते झिडकारलं होतं. जागृतीला हे आत्ता कळत होतं. ती दारात उभी राहून दोघांकडे बघत राहिली. कुणाकुणाचे पाय धरावे, असं झालं तिला.

धुरपताबाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, चार बांबू रोवून त्या ताट्यांचं छप्पर केलं. दीड हात वर, हातानं मोजून. मग दिवस मोजणं सुरू झालं. दुकानात फोन वाजला की जागृतीच्या हातातला पाना थांबायचा. सातवा दिवस गेला, दहावा गेला. बाराव्या दिवशी आंजीहून फोन आला तेव्हा तिनं भिंत धरली. तर लक्ष्मणराव विचारत होते, फिल्टर धुवायला साबण चालते का.

सोळाव्या दिवशी सकाळी भाऊ मार्कर घेऊन आले. रुख्माबाई वॉकर धरून, एकेक पाऊल टाकत, मागच्या दारापर्यंत आल्या. ऑपरेशननंतर इतकं लांब पहिल्यांदाच. धुरपताबाई छपराच्या बांबूला टेकून उभ्या होत्या. लक्ष्मणरावांनी त्यांना त्या दिवशी मुद्दाम पुढच्या दारानं आणलं होतं.

भाऊंनी मार्कर पुढं केला. "लिही. पुरं नाव लिही."

जागृतीनं पेटीची बाजू रुमालानं पुसली. जागृती, असं लिहिलं आणि थांबली. आजवर प्रत्येक कागदावर मधलं, बापाचं नाव लिहिताना तिचा हात कधी अडला नव्हता. तिनं एकवार वरच्या ताट्यांकडे पाहिलं, मग मोठ्या, ठळक अक्षरात पुढचा शब्द लिहिला, आणि मग आडनाव. भाऊंनी वाचलं. चष्मा सारखा केला. "तारीख टाक," म्हणाले, आणि उगाच दुसरीकडे बघायला लागले.

धुरपताबाईंना वाचता येत नव्हतं. बचत गटात सही करायला लागते म्हणून बायकांनी त्यांना एकच शब्द शिकवला होता, आणि तो त्यांनी महिनाभर चुलीपुढच्या राखेत गिरवला होता. त्या जवळ आल्या. पहिल्या शब्दावरून नजर पुढं गेली आणि दुसऱ्यावर थांबली. वणांनी भरलेलं बोट त्यांनी एकेका अक्षराखाली ठेवलं.

"हे तं मी हाय," त्या म्हणाल्या.

"हाव माय."

मग त्यांनी हळूच विचारलं, "पान्यानं पुसते का वं हे?"

"नाई पुसत."

"तरीबी नाई मारत मी पानी," धुरपताबाई म्हणाल्या, आणि पदराच्या टोकानं त्या नावाशेजारची धूळ पुसायला लागल्या.